कंपछाप

आमच्या प्रणिता मगदूमचा हात पुरेसा हलत नाही, एवढाच तिच्यावर आरोप होता.

हात सगळ्यांचाच हलतो. खोटं वाटत असेल तर हात समोर ताणून धरा आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवा. कागदाची कड थरथरताना दिसेल, सेकंदाला आठ ते बारा वेळा. हा काही आजार नाही. हृदय दर ठोक्याला सगळ्या शरीराला बारीकसा धक्का देतं. स्नायू आणि मज्जारज्जू यांचं 'थोडं वर, जरा खाली' असं जन्मभर न मिटणारं भांडण चालू असतं. आणि मेंदूच्या बुंध्याशी पेशींचा एक पुंजका या भांडणाला ताल देत बसलेला असतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण कपबशी उचलायला एवढी थरथर चालते. पूल या बिलियर्ड्सच्या भावंड खेळाच्या टेबलावर मात्र क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, टोक केसभर सरकलं की सात फुटांवरचा चेंडू पॉकेटच्या ओठावर येऊन थांबतो आणि आपल्याकडे बघत राहतो.

म्हणून पूर्वी काही खेळाडू रक्तदाबाच्या गोळ्या खाऊन खेळायचे. त्या लघवीत सापडायला लागल्या. मग मनगटाच्या कातडीखाली बसणाऱ्या चकत्या आल्या. त्या हाताचा कंप मोजायच्या आणि बरोबर उलटा कंप सोडून त्याला शांत करायच्या. त्या लघवीत सापडत नव्हत्या. शेवटी दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हा कंप अंगठ्याच्या ठशासारखा ज्याचा त्याचा असतो. वीस मिनिटं सेन्सरची पट्टी बांधून तो नोंदवला, की माणसाची कंपछाप तयार होते. पुढे कधीही पट्टी बांधा. कंपाची नक्षी सांगते हात कुणाचा, आणि कंपाचा जोर सांगतो त्यात काही भेसळ आहे का. जोर वाढला तर हरकत नाही, सामन्यात माणूस घाबरतोच. पण मूळ छापेच्या ऐंशी टक्क्यांखाली गेला, तर 'दडपलेला कंप'. मुद्दाम हात हलवून यंत्राला फसवता येत नाही; मुद्दामचा कंप सावकाश असतो, वेडावाकडा असतो आणि लगेच ओळखू येतो.

विश्व क्यू-क्रीडा मंडळाला हे यंत्र म्हणजे देवच पावला. पूल ऑलिंपिकमध्ये जावा म्हणून हे मंडळ किती वर्षं पायऱ्या झिजवत होतं. मुलाचं लग्न जमत नसलेल्या घरासारखी त्याची अवस्था होती. पाहुणे यायचे म्हटलं की भिंतींना नवा रंग, घरातल्या वाह्यात माणसाला मागच्या खोलीत कोंडायचं, आणि तरी पाहुणे पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून निघून जायचे. यावेळी ऑलिंपिकवाल्यांनी दोन अटी घातल्या होत्या: हात स्वच्छ हवेत आणि घरात एकच कर्ता हवा. एकच कर्ता ही अट अवघड होती, कारण खाजगी लीगवाल्यांनी निम्मे खेळाडू पळवले होते. मंडळानं फतवा काढला, की लीगमध्ये एक सामना खेळाल तर पाच वर्षं बाद.

प्रणिताला लीगचं बोलावणं दोनदा आलं. दोनदा तिनं नाही म्हटलं.

"काका, लीगमध्ये माझ्या शर्टावर माझं नाव असणार," ती मला म्हणाली होती. "मला देशाचं पाहिजे."

"दोन्ही एका शर्टावर मावत नाहीत का?"

"तुम्ही चेष्टा करा. मी सत्तावीसची आहे. अजून एकच ऑलिंपिक माझ्या हातात आहे."

मी दिगंबर कुरणे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. प्रणिताचे वडील बाहुबली मगदूम माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे; ते गेल्यापासून पोरगी मला काका म्हणते. निवृत्त झाल्यावर मिरजेच्या लोकांनी मला कृष्णाकाठ क्यू-क्रीडा संघटनेचा सचिव केलं. मला क्यू धड धरता येत नाही. पण अर्ज भरता येतात, आणि खेळाडूंना ते येत नाहीत. नोंदणीकृत खेळाडू अकरा, टेबलं चार, आणि ही चारही टेबलं हसनभाई सतारमेकरांच्या दुकानाच्या माडीवर. हसनभाईंच्या सात पिढ्या सतारी करण्यात गेल्या. त्यांनी तेच हात क्यू घडवायला लावले. प्रणिताचा क्यू त्यांचाच, आणि प्रणिताही बरीचशी त्यांचीच. दहा वर्षांची असताना ती सतारीला तारा लावताना बघायला येऊन बसायची, तिला त्यांनी माडीवर नेलं.

बंगळुरूच्या निवड चाचणीत ती उपांत्य सामना जिंकली. नाइन-बॉलमध्ये एक ते नऊ चेंडू क्रमानं खेळायचे असतात आणि जो नऊ नंबर पॉकेटमध्ये घालेल त्याचा डाव. नऊ डावांचा सामना तिनं पाच-दोन असा घेतला. हस्तांदोलन झालं, आणि तिच्या मनगटावरच्या पट्टीचा हिरवा दिवा लाल झाला.

पात्रता अधिकारी तनेजाबाईंनी आम्हाला एका खोलीत बसवलं. बाई सभ्य होत्या. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, ही मोठी अडचण असते.

"नक्षी तुझीच आहे," त्या प्रणिताला म्हणाल्या. "पण जोर मूळ छापेच्या बासष्ट टक्के. तुझा हात तुझ्या हातापेक्षा शांत आहे."

"मी काही घेतलेलं नाही मॅडम."

"रक्तात, लघवीत, कातडीखाली काहीच मिळालेलं नाही. म्हणून पहिली वेळ फक्त समज; इथला निकाल मात्र रद्द. तीन आठवड्यांनी इंदूरला राखीव जागेची चाचणी आहे, तिथे खेळ. मात्र पुन्हा लाल दिवा लागला, तर कायमची बंदी. यात माझ्या हातात काही नाही."

परतीच्या बसमध्ये प्रणिता दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती, कुणी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी.

कोडं सोडवलं हसनभाईंनी. सतारीचं लाकूड तासताना ते ऐकत होते. हत्यार खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कुरणे, छाप कधी घेतली होती?"

"बारा सप्टेंबर. रविवार. मंडळाची ती मोजणीची गाडी आली होती तेव्हा."

"रविवार-सोमवार सोड. विसर्जन होतं की त्या दिवशी! विसरलास? तूच तर पळापळ केलीस."

विसरेन कसा? मिरजेची मिरवणूक म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खिडक्यांची तावदानं वाजत राहतात. मोजणीच्या गाडीला दुसरी तारीख नव्हती. स्पीकरच्या दणक्यानं यंत्र बिघडू नये, म्हणून मी मागच्या गोदामात जागा केली. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. गाडीबरोबर आलेला तंत्रज्ञ म्हणाला होता, इतकी निवांत खोली महाराष्ट्रात दुसरी मिळाली नाही. अकराही जणांना मी चहा पाजला. नाही, दहा जणांना. माणसं काय खातात-पितात ते माझ्या ध्यानात राहतं. मल्लू हिरेमठनं तीन कप घेतले. प्रणिता म्हणाली, "नको काका."

"विसर्जन म्हणजे अनंत चतुर्दशी," मी म्हणालो आणि थांबलो.

प्रणितानं मान वर केली. तिच्या घरी जैनांचं दशलक्षण पर्व कडक पाळतात. दहा दिवस दिवसातून एकदाच जेवण आणि शेवटी चतुर्दशीला निर्जळ. त्या दुपारी तिच्या पोटात सव्वीस तासांत पाण्याचा थेंब गेलेला नव्हता. रक्तातली साखर उतरते तेव्हा शरीर घाबरून ॲड्रेनलिन सोडतं, आणि हाताचा कंप दीडपट होतो. आम्ही सगळ्या गावाचा दणका खोलीबाहेर ठेवला होता, आणि तिच्या आतला नोंदवून घेतला होता.

"अर्जात उपवासाचा रकाना होता ना?" हसनभाईंनी विचारलं.

होता. 'मागील छत्तीस तासांत उपवास, आजार, औषध, जागरण.' पण आमच्याकडे पद्धत अशी, की खेळाडूंनी कोऱ्या अर्जावर सही करायची आणि बाकीचं काकांनी भरायचं. चौतीस वर्षं ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसेल तिथे मी एकच शब्द लिहीत आलो. अकराही अर्जांवर, एका बैठकीत, सुंदर अक्षरात मी लिहिलं होतं: निरंक. आणि खाली 'समक्ष विचारून खात्री केली' यावर माझी सही, शिक्का.

"तू बोलली का नाहीस गं?" मी प्रणितालाच विचारलं. चूक सापडली की आधी दुसऱ्याकडे बघायचं, ही कचेरीची सवय.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

नियम मी त्या दिवशी सात वेळा वाचला. छाप चार वर्षांतून एकदाच घेतात. घेताना काही चूक झाली असेल तर सचिवानं प्रतिज्ञापत्र करून ती कबूल करायची. मग पुन्हा छाप मिळू शकते. पण सचिवानं न विचारताच खात्रीची सही केली असं ठरलं, तर त्याच्या सगळ्याच सह्या खोट्या धरतात. अकराही छापा रद्द आणि संघटना चार वर्षं निलंबित. मल्लू नुकताच खेळाडू कोट्यातून रेल्वेत चिकटला होता. छाप रद्द झाली तर त्याची नोकरी कायम होणार नव्हती.

"मी प्रतिज्ञापत्र करतो," मी म्हणालो. आवाज बरा निघाला, पण कागद काही पुढे ओढला नाही.

प्रणिता माझ्याकडे बघत होती. "मल्लूच्या घरी म्हातारा बाप आहे काका. असं नका करू."

"मग?"

"मी उपाशी खेळते. उपाशी असले की माझा हात छापेएवढा हलणार. म्हणजे दिवा हिरवा."

"आणि चेंडू?" हसनभाई म्हणाले. "चेंडू कोण घालणार बेटी, दिवा?"

"तीन आठवडे आहेत चाचा. शिकीन."

मला हायसं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. मल्लूसाठी वाटलं असं मी स्वतःला सांगितलं. पण चौतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक ठपका नव्हता, आणि तो अजूनही नव्हता.

सरावासाठी मी एक पट्टी भाड्यानं आणली. प्रणितानं एक दिवसाआड निर्जळ उपवास धरले. पहिल्या दिवशी जोर एकशेतीन टक्के, दिवा हिरवागार. तासाभरात तिनं नऊ नंबर अकरा वेळा चुकवला. सरळ रेषेतला चेंडू, माझ्यासारख्यानंही घातला असता असा, पॉकेटच्या कडेला लागून परत यायचा. हसनभाई भिंतीकडे तोंड करून खडू मोजत बसायचे.

चौथ्या उपवासाला तिची आई माडीवर आली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. पायऱ्या चढून दम लागला होता, पण बसली नाही.

"काय ओ भावजी, पोरीला उपाशी मारालाय म्हणं?"

"वहिनी, तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

"आठवडे कुणी विचारलंय? उपवास आत्मा हलका करायला असतोय. मशीनला दाखवायला न्हवं." मग ती प्रणिताकडे वळली. "जेव म्हणत नाही मी तुला. पण ह्याला उपवास म्हणू नको. उपाशी हाय म्हण."

"उपाशी आहे आई," प्रणिता म्हणाली आणि पुढचा चेंडू चुकली.

दुसऱ्या आठवड्यात काहीतरी बदललं. चेंडू जायला लागले. आधी जवळचे, मग लांबचे. हसनभाईंनी भिंतीकडे बघायचं सोडलं. एका संध्याकाळी तिनं उपाशीपोटी सलग चार डाव साफ केले. हसनभाई टाळ्या वाजवत म्हणाले, "कुरणे, बघ! या हातानं भूक जिंकली!"

मी माझ्या वहीत पट्टीचे आकडे लिहीत होतो. एकशेतीन. एकशेएक. सत्त्याण्णव. ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. आकड्यांचा उतार हेडक्लार्कला समजत नाही असं कुणी म्हणू नये. मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "साखर वारंवार उतरत राहिली की शरीर घाबरायचं सोडून देतं कुरणे. ॲड्रेनलिन कमी सुटतं, कंप उतरतो. चांगलंच आहे की."

चेंडू जात होते ते याचमुळे. तिचा खेळ ज्या उतारावरून चढत होता, त्याच उतारावरून तिची पात्रता खाली येत होती. इंदूरला निघण्याच्या आदल्या दिवशी आकडा आला चौऱ्याऐंशी.

"किती?" प्रणितानं विचारलं.

"ऐंशीच्या वर आहे," मी म्हणालो. आकडा सांगितला नाही. सांगितला असता तर ती त्या रात्री झोपली नसती, आणि जागरणाचा रकाना होता.

इंदूरला ती तीस तासांची उपाशी होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. अंतिम सामना नऊ डावांचा, आणि समोर हैदराबादची एक उंच, हसरी मुलगी. पट्टी प्रत्येक डावानंतर दिवा दाखवायची: हिरवा, पिवळा किंवा लाल. पहिले तीन डाव प्रणिता हरली. हात छान हलत होता, दिवा हिरवा. मग तिनं डोळे मिटून एक श्वास घेतला, आणि खेळ तिच्याकडे आला. मी खुर्चीत बसून दिव्याकडे बघत होतो. माझ्याइतका दिव्याकडे बघणारा त्या सभागृहात दुसरा कुणी नसावा. हैदराबादचे चार, तिचे तीन झाले, हिरवा. चार-चार झाले, पिवळा.

शेवटचा डाव. तिनं पिवळा दिवा पाहिला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. सामन्यात खेळाडूशी बोलता येत नाही. बोलता येत असतं तरी काय सांगणार होतो? घाबर, म्हणून? माणसाला सगळं सांगता येतं, पण हृदयाला धडधडायला सांगता येत नाही. ती टेबलाकडे वळली. एकेक चेंडू क्रमानं आत गेला, आणि शेवटी नऊ नंबर उरला. सरळ, सात फूट. ती वाकली. हसनभाईंनी घडवलेला क्यू तिच्या बोटांमधून एकदा मागे-पुढे झाला, आणि तो इतका स्थिर होता की मला रडू यायला लागलं.

चेंडू आवाज न करता पॉकेटमध्ये उतरला. ती सरळ उभी राहिली तेव्हा दिवा लाल होता.

अठ्ठ्याहत्तर टक्के. दुसरी वेळ. कायमची बंदी.

तनेजाबाईंनी तिला पाण्याची बाटली दिली. तिनं ती उभ्याउभ्याच संपवली.

मी मिरजेला पोचलो त्याच दुपारी प्रतिज्ञापत्र केलं. न विचारता सही केली, उपवास लपवला नाही पण नोंदवलाही नाही, सगळं लिहिलं. मल्लूच्या घरी आधी जाऊन सांगून आलो. त्याच्या बापानं मला दारापर्यंत सोडलं. एका सहीनं जे तीन आठवड्यांपूर्वी वाचलं असतं, ते वाचवायला मी तीन आठवड्यांनी सही केली. कचेरीत आम्ही याला 'विलंबाने प्राप्त' म्हणायचो.

संघटना महिन्याभरात निलंबित झाली. मल्लूची नोकरी गेली. तो आता लीगच्या सामन्यांत चेंडू रचून देतो. मंडळानं ऑलिंपिकवाल्यांसमोर जी पुस्तिका ठेवली, तिच्या चौदाव्या पानावर नाव न घेता प्रणिताची हकीकत होती: रक्तात काही न सापडताही आम्ही आमच्या उत्तम खेळाडूला बाद केलं, इतके आमचे हात स्वच्छ. पाहुण्यांना हे आवडलं म्हणतात. पूलला प्रायोगिक तत्त्वावर जागा मिळाली. हैदराबादची ती मुलगी गेली.

लीगवाल्यांनीही प्रणिताला तिसऱ्यांदा विचारलं. त्यांना जाहिरातीत तिचा लाल दिवा दाखवायचा होता. तिनं तिसऱ्यांदा नाही म्हटलं. हल्ली ती हसनभाईंच्या दुकानात खाली बसते, सतारीच्या घोडीची जवारी काढते, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी घासून सूर मोकळा करते. हस्तिदंती रंगाच्या त्या पट्टीवर कानशीचा एक हात जादा फिरला की सूर मरतो, म्हणून हसनभाई ते काम दुसऱ्या कुणाला देत नाहीत. माडीचा जिना बंद आहे. या भाद्रपदात तिनं उपवास धरले नाहीत. वहिनींनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

माझ्या प्रतिज्ञापत्राचं उत्तर मात्र राहिलं होतं. प्रणिताची बंदी पुन्हा तपासावी, अशी शेवटच्या परिच्छेदात विनंती होती. ते काल आलं. मंडळाचं यंत्र हल्ली उत्तरं ज्याच्या त्याच्या भाषेत करून पाठवतं, आणि ही भाषा ते आमच्याच जुन्या अर्जांवरून शिकलेलं आहे. मी कागद घेऊन दुकानात गेलो आणि प्रणितासमोर धरला. तिनं कानस बाजूला ठेवली, हात पुसले आणि वाचलं.

'अर्जदाराच्या विनंतीवर करावयाची कार्यवाही: निरंक.'

तिनं कागदाची घडी घालून मला परत दिली. आतून हसनभाईंनी चहा पाठवला होता. तिनं एक कप माझ्यापुढे सरकवला.

"नको," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"का काका? उपवास आहे का?"